अष्टपुट

पत्र आलं तेव्हा मी पालक निवडत होते.
प्रिय सौ. अष्टपुट,
आपल्यासाठी आम्ही काही रोमांचक बदल केले आहेत.

रोमांच दुसऱ्या परिच्छेदात होता.
यापुढे तुम्ही किती लांब गेलात ते मोजणार नाही,
किती मोजलेत ते मोजू.

अकरा वर्षं मी बॉयलर तपासत हिंडले,
दिग्बोई, तुतिकोरिन, जामनगर, सोहार,
मधल्या सीटवर,
कंपनीच्या स्वस्तात स्वस्त तिकिटावर.
अंतर हेच माझं भांडवल.
अंतराला आता भाव नाही.

कार्ड सोनेरी होतं, एक एप्रिलपासून चंदेरी.
एक लाख शहाऐंशी हजार चारशे पॉइंट.
त्यात मी नि कुमुद लिस्बनला जाऊन येणार होतो,
साठीच्या आत.
नव्या तक्त्यानुसार मी पोचते,
कुमुद इस्तंबूलला उतरते,
आणि परतीचं दोघींचंही नाही.

राग त्यांचा नाही आला.
राग आला तो
दिल्लीहून सरळ येणारं दुपारचं विमान सोडून
ह्यांच्यासाठी हैदराबादचा वळसा घेतलेल्या बाईचा.
नऊशे पॉइंट जास्तीचे.
रात्री दीडला सीवूड्स,
आमटीवर ताटली,
ताटलीवर चिठ्ठी: गरम करून घे.
याला मी निष्ठा म्हणत होते.
घरात त्याला दुसरा शब्द होता.

उलव्यात जितेश मढवीचा बुकिंगचा गाळा आहे.
भिंतीवर गणपती,
शेजारी लॅमिनेट केलेला सातबारा.
त्याने तीन कंपन्या माझ्यापुढे मांडल्या
कोलंबीचे वाटे लावावेत तशा.

ही लाउंज देते, पण अठरा महिन्यांत पॉइंट मरतात.
ही मरू देत नाही, पण हिची विमानं दिवसाला दोनच.
ही परदेशी. हिच्या पॉइंटवर इकडच्या विमानातही बसता येतं,
फोन लागला तर.

"हेही नियम बदलतील का रे?"
"बदलणारच, ताई. आम्हाला विचारा ना.
साडेबारा टक्क्यांवर अटी आल्या,
अटींवर तारखा आल्या,
तारखांवर साहेबच बदलून आले.
आपण बघायचं एवढंच,
बदलताना आधी सांगतात का."

बाहेर त्याचे वडील खुर्ची टाकून बसले होते.
एक विमान इतकं खालून गेलं
की काचेवरची स्टिकरं थरथरली.
त्यांनी वर पाहिलं नाही.
मनगट पाहिलं.
"सात मिनिटं लेट," म्हणाले,
रोजच्या गड्याविषयी म्हणावं तसं.

कुठली घेतली, त्यात काय एवढं,
असं मी कुमुदला फोनवर म्हणाले.
"मला आहे ना," ती म्हणाली,
"मला इस्तंबूलला उतरायचं नाहीये."

दुसरी घेतली.
लाउंज नाही. बॅगेवर लाल पट्टी नाही.
रांगेत इतरांसारखं उभं राहायचं,
सकाळचं चुकलं तर संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं,
आणि संध्याकाळचं साडेसहाला उतरतं,
म्हणजे आमटी झाकायच्या आत घरी.
लिस्बन किती वर्षांनी, ते जितेशने काढून दाखवलं.
मी आकडा कुमुदला अजून सांगितलेला नाही.

फॉर्म त्यानेच भरला.
जुन्या कार्डावर चौकटी संपल्या होत्या,
आडनावाची शेवटची दोन अक्षरं बाहेर राहिली.
अकरा वर्षं दारात कुणीतरी हसून म्हणायचं,
वेलकम बॅक, मिसेस अष्टपुट,
आणि मी ओ द्यायचे.

इथे मृणालिनी अष्टपुत्रे पूर्ण मावलं.
वर तीन चौकटी उरल्या.
खाली शिल्लक: शून्य.

"किती झाले तुझे?"
"दोनशे. रोख द्या ताई, पॉइंट नकोत."
माझ्याकडे पाचशेची नोट होती.
सुट्टे त्याच्या वडिलांनी दिले,
दोनदा मोजून,
आणि घड्याळाकडे बघत पुन्हा बसले.